नाव एक, किंमत पुरी, मग पीसीवाल्यांना जुना खेळ का?

गोव्यात फुटबॉलवर कुणीही तासभर बोलेल. पण फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पीसीवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला जे येतं, त्यावर आपल्याकडे कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

2021 च्या ऑक्टोबरात ईए कंपनीचा फुटबॉल गेम फिफा 22 आला आणि त्यात पहिल्यांदाच इंडियन सुपर लीग आली. म्हणजे आपला एफसी गोवा! त्या मोसमात कोविडमुळे लीगचे सगळे सामने गोव्यातच होते, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, आणि प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. सामना आपल्या गावात आणि बघायचा टीव्हीवर. अशा वेळी नारिंगी जर्सी आणि छातीवरचा गवा स्क्रीनवर दिसला तेव्हा डिचोलीतल्या आमच्या वाड्यावरची पोरं अक्षरशः ओरडली होती. खेळाडूंचे चेहरे ओळखू येत नव्हते, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या वर्षीची मोठी जाहिरात हायपरमोशनची होती. 22 खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून पुरा सामना खेळवला, त्यांच्या हालचाली टिपल्या आणि त्यावरून गेममधलं धावणं, उडी, हेडर बेतलं. हे सगळं पीएस5 (नवा प्लेस्टेशन), नव्या एक्सबॉक्स आणि स्टेडिया या गूगलच्या ऑनलाइन गेम सेवेपुरतं. पीसीला मिळाली पीएस4 ची, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनची आवृत्ती. नाव तेच, कव्हरवर एम्बाप्पे तोच.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. फिफा 21 ला तेच झालं होतं. त्याआधी फिफा 14 ला नवं इंजिन (ज्यावर गेम चालतो तो मूळ सॉफ्टवेअरचा गाभा) फक्त नव्या कन्सोलना दिलं आणि पीसीला वर्षभर थांबवलं. पीईएस हा दुसरा फुटबॉल गेम काढणारी कोनामीही धुतल्या तांदळाची नाही. पीईएस 2016 आणि 2017 ची पीसी आवृत्ती पीएस4 च्या मागेच होती, बरोबरी झाली ती 2018 ला.

कारण असं दिलं गेलं की पुष्कळ लोकांचे पीसी साधे असतात, नवी आवृत्ती त्यांना झेपणार नाही. साधा पीसी असलेल्यांची काळजी घ्यावीच, आमच्यातही असे बरेच आहेत. पण पीसीवरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गेममध्ये ग्राफिक्स कमी-जास्त करायची सोय असते. ज्याची मशीन चांगली त्याला नवं, ज्याची साधी त्याला जुनं, निवड त्याची. ही निवड कंपनीने आमच्या वतीने करून टाकली, हे मला पटत नाही.

आणि सरळपणे वागता येतं, याचा दाखला आहे. 2020 मध्ये कोनामीकडे पूर्ण नवा खेळ तयार नव्हता. त्यांनी पीईएस 2021 ला नावातच 'सीझन अपडेट' म्हटलं आणि किंमत कमी ठेवली. घेणाऱ्याला ठाऊक होतं आपण काय घेतोय. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने ईफुटबॉल 2022 अर्धाकच्चा बाहेर काढला आणि माफी मागावी लागली, ती गोष्ट वेगळी. निन्टेन्डो स्विचवरही फिफा 20 पासून 'लेगसी एडिशन' (म्हणजे जुनाच खेळ) असं स्पष्ट लिहून नुसते नवे संघ आणि जर्सी विकल्या. तिथे किमान नाव तरी खरं होतं. पीसीच्या डब्यावर असा एक शब्द घालायला काय जात होतं?

फिफा 23 पासून पीसीला नवी आवृत्ती मिळाली, हे मान्य. पण तिढा सुटलेला नाही. चवथीला आम्ही सगळे भाऊ घरी जमतो. एकाकडे पीएस5, माझा पीसी, धाकट्याकडे सेकंडहँड पीएस4, ज्याच्या कंट्रोलरची डावी काडी न हलवताही खेळाडू कडेला सरकतो. घरी असेपर्यंत एकाच टीव्हीसमोर बसून खेळतो, मजा येते. चवथ संपली, एक पुण्याला गेला, एक वेर्ण्याला कामावर, की खेळ बंद. ऑनलाइन पीसी आणि पीएस5 ची जोडी जमते, पीएस4 वाला बाहेर. आपला क्लब काढून एकत्र खेळायचं म्हटलं तर फिफा 23 मध्ये वेगवेगळ्या मशीनवाल्यांना तेही नव्हतं, ईए एफसी 24 ला (फिफाचंच पुढचं नाव) आलं. अल्टिमेट टीमचा, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायच्या प्रकाराचा, खरेदी-विक्रीचा बाजार पीएस आणि एक्सबॉक्सवाल्यांचा एक केला, पीसीचा मात्र वेगळाच ठेवला, म्हणे पीसीवर चीटिंग फार. चीटिंग करणाऱ्यांना जरूर हाकला. त्यासाठी फिफा 23 पासून प्रत्येक पीसीत अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) बसवताच आहात ना? मग इमानदारीत खेळणाऱ्यांना वेगळं का बसवता?

माझं मागणं फार नाही. प्रत्येक मशीनसाठी नेमकं काय मिळणार आणि काय नाही, हे किमतीच्या शेजारी लिहा. जुनं इंजिन असेल तर किंमतही जुन्यासारखी कमी ठेवा.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत पीसीवर खेळणारे कोण कोण आहेत, कुठली आवृत्ती खेळता ते खाली लिहा. पीएस5 वालेही या. अकरा जण जमले तर गोव्याच्या नावाने क्लब काढूया.