‘अडाणीच फसतात’ म्हणणाऱ्यांनी हे वाचा

सोलापुरात परदेशी नोकरीच्या जाहिरातींमागोमाग एक मेसेज फिरतो: ‘मानवी तस्करीत अडाणीच अडकतात, त्यांना पत्रकं वाटून उपयोग नाही, आणि स्वतःच्या पायांनी गेलेल्याला कायदा वाचवत नाही.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये इशारा दिला, तो संगणक येणाऱ्या तरुणांसाठीच. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी सांगून त्यांना चोरवाटेने म्यानमारमध्ये नेत आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपत. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) शेरा नसतो. म्हणून आखातात किंवा थायलंडला नोकरीसाठी जाताना त्याला सहसा एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची मंजुरी, लागत नाही. सरकारी तपासणीचा हा टप्पा त्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून स्वतः खातरजमा करण्याची गरज त्यालाच जास्त.

पैसे देण्याआधी एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधा. नाव, पत्ता, मुदत जुळवून पाहा. परवाना एकाचा आणि पैसे दुसऱ्याच्याच खात्यावर, हा नेहमीचा डाव. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख रोख मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवा. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ हे तर मुळीच मानू नका. त्या व्हिसावर काम करणंच बेकायदा ठरतं, आणि त्याच भीतीने माणूस तक्रार करत नाही.

आता पत्रकांचं. उपयोग होत नसेल, तर तो वाचणारा अडाणी म्हणून नव्हे, पत्रकं त्याच्या सोयीची नसतात म्हणून. सोलापूरच्या पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारे अनेक जण मराठी शाळेत शिकलेले. त्यांच्यासाठी तेलुगूत पत्रक छापलं, तरी ती लिपी त्यांना वाचता येईलच असं नाही. तिथे दोन मिनिटांचा तेलुगू व्हॉइस मेसेज जास्त कामाचा. त्यात १८०० ११ ३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर सावकाश, दोनदा सांगावा.

मर्जीने गेल्याचा मुद्दा कायद्यानेच निकाली काढला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घेतली जात नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, घरच्यांना जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, एजंटचे व्हॉइस मेसेज, पैसे भरलेल्या खात्याचा नंबर आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती प्रवासाआधीच घरी ठेवून जा. तक्रारीला तेच लागतं.