‘जिझेल’वरच्या तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार, शनिवारी तुम्ही आमचा ‘जिझेल’ हा बॅले बघायला आलात आणि वेळ काढून एवढं लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. तुम्ही म्हणता दुसऱ्या अंकात बुटांची टकटक ऐकू येत होती, विली, म्हणजे त्या अंकातली मुलींची भुतं, जेमतेम 14 होत्या, ऑर्केस्ट्राऐवजी रेकॉर्डिंग वाजत होतं, आणि एकूण सगळं हौशी वाटलं.

टकटकीचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे, मुलींची नाही. पॉइंट शूजचं, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायच्या बुटांचं, टोक म्हणजे कापड, कागद आणि डिंकाचे थर, वाळून कडक झालेले. कोरा जोड स्टेजवर लाकडासारखा वाजतो, म्हणून मुली तो आधी भिंतीवर, जिन्याच्या पायरीवर आपटतात, तळवा हाताने वाकवून वाकवून मऊ करतात, मग कुठे आवाज दबतो. या वेळी जोड आदल्या संध्याकाळी हातात आले, तेव्हा रिहर्सल थांबवून त्यांना तासभर द्यायला हवा होता, तो मी लाइटिंगमध्ये घालवला. आणि नेमकं दुसऱ्या अंकातच विलींच्या दोन रांगा अरबेस्कमध्ये, म्हणजे दुसरा पाय मागे सरळ ताणून, एका पायावर उड्या घेत एकमेकींतून आरपार जातात, सगळे पाय एकदम खाली येतात, तिथे काही लपत नाही. मेलेल्या मुलींची भुतं ती, त्यांच्या पावलांचा आवाज यायलाच नको. मी विंगेत उभा होतो, मलाही ऐकू आला.

14 विलींचं म्हणाल तर मोठ्या कंपन्या 24 उभ्या करतात हे खरं आहे, पण आमच्याकडे सगळे मिळून 18 डान्सर आहेत. पहिल्या अंकात द्राक्षं तोडणाऱ्या ज्या गावातल्या मुली दिसतात त्याच मध्यंतरात पांढरा लांब स्कर्ट चढवतात, मधोमध भांग पाडून केस कानांवरून ओढून बसवतात आणि विली होऊन परत येतात. विलींची राणी मिर्था जिने केली ती पहिल्या अंकात नायकाची वाग्दत्त वधू बाथिल्ड होती, तुमच्या लक्षात आलं नसेल तर मला त्याचा आनंदच आहे. एकीचा घोटा मुरगळला तरी अख्खी रांग नव्याने बसवावी लागते, कारण बदली उभी करायला कुणी नाही.

रेकॉर्डिंग मलाही टोचतं. समोर कंडक्टर असेल तर तो डान्सरचा श्वास बघून सूर थोडा लांबवतो, रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही, संगीतकार अदाँचं 1841 चं ते संगीत तर थांबणाऱ्या, ऐकणाऱ्या कंडक्टरसाठीच आहे. पण आमच्या पैशात ऑर्केस्ट्रा किंवा डान्सरना बारा महिने पगार, यातलं एकच होतं, आणि मी पगार निवडला, उद्या परत निवडायची वेळ आली तरी तेच करीन.

म्हणूनच हौशी हा शब्द मला लागला. ही मुलं-मुली आठवड्यातले सहा दिवस सकाळी दीड तास बारवर, म्हणजे हाताने धरायच्या आडव्या दांड्यापाशी, आणि मग मधल्या फ्लोअरवर क्लास करतात, त्याच्यानंतर रिहर्सल, आणि याच कामावर त्यांचं घर चालतं. प्रयोग कमी पडला असं जरूर लिहा, माझ्या निर्णयांवर लिहा, पण त्यांना हौशी म्हणू नका ही विनंती आहे.

पुढच्या प्रयोगाच्या ड्रेस रिहर्सलला तुम्ही या, मी दारात नाव देऊन ठेवतो. पुढच्या रांगेत बसा आणि दुसऱ्या अंकात आवाज येतोय का ते मला सांगा. त्या प्रयोगाचे जोड आत्ताच आलेत, दोन दिवस झाले मागच्या जिन्यावर आपटणं चालू आहे.