फ्लॉप्या टाकून द्या म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यात म्हटलंय की फ्लॉपीचं आयुष्य दहा-वीस वर्षं, त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्या आता कोऱ्या झाल्यात, खात्री करायची तर यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह लावून बघा, नाही उघडली तर टाकून द्या, जुना कॉम्प्युटर असेल तर तोच चालू करून कॉपी मारा, आणि नाही जमलं तरी काही बिघडत नाही कारण जुनं सॉफ्टवेअर सगळं नेटवर आहेच. हे वाचून लोक खरंच खोकी रिकामी करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी "कोऱ्या झाल्यात" हे. फ्लॉपीच्या आत पॉलिस्टरची पातळ चकती असते आणि तिच्यावर आयर्न ऑक्साइडचा थर. त्या थरातलं चुंबकत्व नुसती वर्षं गेली म्हणून उडून जात नाही. फ्लॉपी मरते ती ओलीने, बुरशीने, धुळीने, उष्णतेने, शेजारी लोहचुंबक ठेवल्याने, नाहीतर थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ सुटायला लागल्याने. म्हणजे किती जुनी यापेक्षा कुठे आणि कशी ठेवली होती हे महत्त्वाचं. चित्रकार अँडी वॉरहॉलने 1985 साली अमिगा नावाच्या कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं 2014 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, फ्लॉपीवरून बाहेर आली. प्रिन्स ऑफ पर्शिया या गेमचा ॲपल टू कॉम्प्युटरवरचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर) तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना जुन्या डिस्कच्या खोक्यात सापडला आणि 2012 मध्ये वाचलाही गेला, तो गेम 1989 चा. माझा स्वतःचा अनुभव तर उलटाच आहे, सव्वापाच इंची 360 केबीच्या जुन्या डिस्क पहिल्याच फटक्यात वाचल्या जातात आणि नव्वदच्या शेवटी घेतलेल्या 1.44 एमबीच्या जास्त त्रास देतात. त्यात नवल नाही, जुन्यांवर एका इंचात 48 ट्रॅक (डेटा लिहायची एकात एक वर्तुळं) असतात आणि साडेतीन इंचीवर 135, रुंद ट्रॅकवर सिग्नल जास्त आणि धुळीचा एखादा कण आला तरी नुकसान कमी. हां, चकतीवरून थरच खरवडून गेला असेल आणि आरपार गोल रेघा दिसत असतील तर तिथला डेटा गेला, तिथे कोणी काही करू शकत नाही. पण तशी डिस्क उजेडात धरली की डोळ्यांनाच दिसते.

आता यूएसबी ड्राइव्हवाली परीक्षा. सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यामुळे होतंय असं मला मनापासून वाटतं. तो ड्राइव्ह पीसीच्या 720 केबी आणि 1.44 एमबी फॉरमॅटसाठीच बनवलेला आहे. अमिगाची डिस्क दिसायला अगदी तशीच, पण एका ट्रॅकवर 9 ऐवजी 11 सेक्टर, म्हणजे ट्रॅकचे तुकडे, आणि अख्खा ट्रॅक एका दमात लिहिलेला. जुन्या मॅकिंतॉशच्या 400 आणि 800 केबीच्या डिस्क लिहिताना चकती फिरण्याचा वेगच ट्रॅकप्रमाणे बदलतो. सव्वापाच इंची डिस्क तर त्यात शिरणारच नाही. मग विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का, आणि माणूस समजतो मेली. तिथे "हो" कधीही दाबू नका! आणि ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी डिस्क राइट-प्रोटेक्ट करा, साडेतीन इंचीची खिडकी उघडी म्हणजे सुरक्षित, सव्वापाच इंचीचं उलटं, तिची खाच चिकटपट्टीने झाकायची.

खरी पद्धत वेगळीच आहे. ग्रीसविझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं छोटं बोर्ड साध्या जुन्या ड्राइव्हला जोडायचं, ते डेटा समजून घ्यायचा प्रयत्नच करत नाही, चुंबकत्वाची दिशा बदलल्यावर पुन्हा बदलेपर्यंत किती वेळ गेला एवढंच नोंदवतं. डबल डेन्सिटीच्या, म्हणजे 360 आणि 720 केबीच्या, पीसी डिस्कवर ही अंतरं साधारण 4, 6 किंवा 8 मायक्रोसेकंदांची असतात. एक बिट चुकला आणि सेक्टरचा चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळला नाही की कॉम्प्युटरमधला नेहमीचा फ्लॉपी कंट्रोलर एरर देऊन मोकळा होतो, पण इथे कच्ची नोंद हातात असल्यामुळे काम नंतर निवांत करता येतं. मिनिटाला 300 फेरे म्हणजे एक फेरी 0.2 सेकंदाची, पाच फेऱ्या वाचल्या तरी ट्रॅकला एकच सेकंद, एखादा सेक्टर पहिल्या फेरीत फसला आणि तिसऱ्या फेरीत नीट आला तर तो तिथून उचलायचा. "मेलेल्या" म्हणून आलेल्या कितीतरी डिस्क मी अशाच पूर्ण वाचल्यात. फक्त आधी चकती बघून घ्या, बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ड्राइव्हमधलं डिस्क वाचणारं हेडही पुसा. सुरुवातीला मी घाईत एक बुरशीची डिस्क तशीच घातली, हेडवर घाण बसली आणि त्या घाणीने पुढची चांगली डिस्क ओरखडली, ती परत आली नाही. ते अजून मनाला लागतं.

जुना कॉम्प्युटर थेट चालू करा हेही तितकंच चूक. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनच्या पॉवर सप्लायमधले कागदी कपॅसिटर ओल पिऊन तडकलेले असतात, वीज दिली की धूर निघतो. 386 प्रोसेसरच्या काळातल्या मदरबोर्डांवर आणि काही अमिगांमध्ये निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती मशीन बंद असतानाही गळते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते, त्यामुळे चालू करायचं नसलं तरी उघडून ती काढून टाका. डिस्क वाचायला बहुतेक वेळा मूळ मशीन लागतच नाही. फ्लॉपीची इमेज, म्हणजे फाइलमध्ये घेतलेली अख्खी नक्कल, एकदा निघाली की डॉसबॉक्स, व्हाइस, विनयूएई असे एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, पुढचं बघतात.

आणि "सगळं नेटवर आहेच". गाजलेले गेम आहेत, मान्य, पण त्यातल्या पुष्कळ प्रती क्रॅक केलेल्या, म्हणजे कॉपी करू न देणारं कुलूप तोडलेल्या, सुरुवातीला दुसऱ्याच कोणाची नावं घातलेल्या, कधी काही भाग कापलेल्या. मूळ डिस्कवरचं कॉपी प्रोटेक्शन साध्या इमेजमध्ये बहुतेक वेळा येतच नाही, त्यासाठी वर सांगितलेली कच्ची नोंद लागते. आणि जे विकायला आलंच नाही त्याचं काय? कोणी ऑफिससाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, प्रयोगशाळेतल्या एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर, कॉलेजच्या पोराने बेसिकमध्ये लिहिलेला गेम, हे नेटवर टाकणार कोण, एकुलती एक प्रत त्या खोक्यातच आहे. मोठ्या कंपन्यांकडे तरी सगळं नीट जपलेलं असतं असं नाही. एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणाऱ्या मल्टिटास्किंग एमएस-डॉसचे बीटा, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्त्या, तेव्हा लोटस कंपनीत असलेल्या रे ओझी यांच्याकडच्या फ्लॉप्यांवर सापडले, आणि मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये डॉस 4.00 चा सोर्स खुला करताना स्वतःच सांगितलं की त्या मल्टिटास्किंग आवृत्तीचा पूर्ण सोर्स त्यांनाच मिळाला नाही. ओझींनी त्या फ्लॉप्या वीस वर्षं झाली म्हणून टाकल्या असत्या तर ते बीटासुद्धा हाती लागले नसते.