नाल्ट्रेक्सोन बंद केल्यावर ‘टर्की’ येते म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. गोषवारा असा: दारू सुटावी म्हणून डॉक्टर देतात ती नाल्ट्रेक्सोनची गोळी अफूच्याच कुळातली आहे. ज्यानं जन्मात अफू किंवा गर्द पाहिलेली नाही, त्यालाही तिची सवय लागते. बंद केली की गर्दुल्ल्यासारखी टर्की येते, म्हणजे माल तुटल्यावर होतो तसा त्रास होतो, आणि मेंदूतलं एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं अफूसारखं द्रव्य, कायमचं आटतं. तेव्हा सुरूच करू नका, आणि केली असेल तर सहा महिने कोर-कोर करून कमी करा. खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ हे आलंच.

कुळाचं तेवढं खरं आहे. ऑक्सिमॉर्फोन या जबर वेदनाशामकाच्या रेणूत छोटासा बदल करून १९६३ साली नाल्ट्रेक्सोन तयार झालं. पण तेवढ्या बदलानं त्याचा स्वभावच उलटा झाला. मेंदूतल्या पेशींवर अफूवर्गी द्रव्यांसाठी रिसेप्टर, म्हणजे बसायच्या ठरलेल्या जागा, असतात. मॉर्फिन तिथे बसलं की पेशीच्या आत पुढची चक्रं फिरू लागतात. नाल्ट्रेक्सोन नुसतं बसतं. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल सीट अडवतो, प्रवास करत नाही, तसं. त्यातून ना नशा येते, ना तलफ. दारूसाठी हे औषध देणाऱ्या डॉक्टरांची खरी डोकेदुखी तर अशी की लोक ते घेतच राहत नाहीत, मधेच सोडून देतात. सवय लावणाऱ्या औषधाचं असं सहसा होत नाही.

आता टर्कीकडे येऊ. ती का येते हे त्या मजकुरात कुठेच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक चिमुकला भाग असतो. जाग, घाम, धडधड यांच्याशी जोडलेलं नॉरॲड्रेनॅलिन तिथून सुटतं. गर्द किंवा मॉर्फिन रोज घेतलं की हा भाग दबून राहतो. तो दाब भरून काढायला पेशी आतून जास्त जोर लावायला शिकतात. मग एके दिवशी माल मिळत नाही, दाब उठतो, पण तो शिकलेला जोर तसाच उरतो. नाक गळणं, काटा येणं, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं हा बराचसा अशाच जोराचा परिणाम. ज्यानं अफूवर्गी काही घेतलंच नाही त्याच्याकडे हा दाब नव्हता, म्हणून तो जोरही नाही. नाल्ट्रेक्सोन काढून घेतल्यावर उसळायला आहे काय?

इथे एक रास्त शंका येऊ शकते. रक्तदाब-हृदयासाठी देतात ते बीटा-ब्लॉकरही नुसतं अडवणारंच औषध, तरी ते एकदम बंद केलं की हृदयाची धडधड वाढते, छातीत दुखू शकतं. मग इथे तसं का नाही? शंका चांगली आहे. त्या मजकुराच्या लेखकाला ती सुचली असती तर मी त्याला थोडे गुण दिले असते. दीर्घकाळ अडवलेले रिसेप्टर संख्येनं वाढतात, हे दोन्हीकडे घडतं. नाल्ट्रेक्सोन दिलेल्या उंदरांमध्ये ते दिसलेलं आहे. पण बीटा-ब्लॉकर सोडल्यावर वाढलेल्या रिसेप्टरांवर ॲड्रेनॅलिन येऊन पडतं, म्हणून धडधड. नाल्ट्रेक्सोन सोडल्यावर तिथे येतं ते शरीराचं स्वतःचं एंडॉर्फिन, आणि त्याला जागा जास्त मिळते. म्हणजे झालाच तर परिणाम टर्कीच्या उलट दिशेनं होईल. ‘लो डोस नाल्ट्रेक्सोन’वाले, म्हणजे दीड ते साडेचार मिलिग्रॅम घेणारे, याच उसळीवर आशा ठेवून असतात. ती आशा कितपत खरी ठरते हा वेगळा वाद.

एंडॉर्फिन कायमचं आटण्याची गोष्ट दोन वाक्यांत निकालात निघते. नाल्ट्रेक्सोन एंडॉर्फिन बनण्याचं थांबवत नाही, फक्त त्याची जागा अडवतं. ५० मिलिग्रॅमच्या गोळीचा अडथळा साधारण एक दिवस टिकतो आणि दोन-तीन दिवसांत औषध जवळजवळ निघून जातं.

मग लोकांना त्रास झाला तो खोटा का? नाही, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टीचा असतो. दारूसाठी गोळी घेणारा गोळी सोडतो, पुन्हा पितो, मग धसका घेऊन पिणं एकदम थांबवतो. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते. हा दारूचा विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्याचा त्रास आहे आणि तो जिवावर बेतू शकतो, पण पावती फाटते गोळीच्या नावानं. कमी डोसमध्ये दुखण्यासाठी घेणाऱ्याचं जुनं दुखणं परत येतं. वजन कमी करण्यासाठीच्या गोळीत नाल्ट्रेक्सोनसोबत ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध असतं, त्याचा हिशोब वेगळा.

आणि एक खरीखुरी टर्की आहे, ती मात्र सुरू करताना येते. अंगात अफूवर्गी औषध असताना नाल्ट्रेक्सोन घेतलं तर ते त्याला हुसकावून लावतं आणि तासाभरात माणूस लोळायला लागतो. म्हणून आधी ७ ते १० दिवस कोरडे ठेवतात. ‘मी कसलंच व्यसन केलेलं नाही’ म्हणणाऱ्या काकूंच्या पर्समध्ये गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल असतं किंवा खोकल्याचं कोडीनवालं औषध असतं. तेही यात मोजायचं, आणि डॉक्टरांना सांगायचं.

कोर-कोर करून कमी करण्याचा सल्लाही निराधार. दारूच्या औषधोपचारांवरच्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की नाल्ट्रेक्सोन थांबवल्यावर विथड्रॉवल येत नाही आणि डोस हळूहळू उतरवण्याची गरज नाही. डॉक्टरांना कळवून थांबवायचं ते दारू परत डोकं वर काढू नये म्हणून.

गर्द किंवा अफू घेतलेल्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी, आणि मजकुरानं नेमकी तीच गाळली आहे. नाल्ट्रेक्सोनच्या काळात त्याची पूर्वीची सहनशक्ती ओसरलेली असते. गोळी सोडून त्यानं जुन्या मापानं डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. आणि ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकानं ठरलेल्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला या गोळीबद्दल सांगावं. ती साधारण ७२ तास आधी बंद करतात, महिन्याचं इंजेक्शन असेल तर जवळपास चार आठवडे आधी. नाहीतर ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलं तरी कळ थांबत नाही.