बेलआउट दिला ते ठीक, पण कोणत्या भावाने?

विषय जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचा निघाला होता. 2008 च्या आर्थिक संकटात सरकारने पैसे घालून ती वाचवली, त्यालाच बेलआउट म्हणतात. आमचा इंजिनियर तावातावाने बोलत होता, "लाखो लोकांची मेहनत त्या कारखान्यांत मुरलेली. कंपनी बुडाली असती तर ते सगळं मूल्य मातीमोल. सरकारने वाचवली त्यात बिघडलं कुठे?"

मास्तर सरसावून बसले. (मास्तर सरसावले की अर्ध्या तासाची निश्चिंती.) "मेहनत मुरली म्हणून मूल्य टिकत नसतं रे. मार्क्सचं म्हणणं बघ. वस्तू बनवायला समाजात साधारण जेवढे श्रम लागतात तेवढेच धरायचे. आणि गाडी कोणी घेतलीच नाही, तर तिच्यातले श्रम फुकट गेले. ज्याच्या जोरावर तू भांडतोयस, तोच तुझ्या विरुद्ध साक्ष देईल."

"मग अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ घ्या," इंजिनियर हटेना. "बाजारभाव नैसर्गिक किमतीभोवती, म्हणजे मजुरी, नफा, खंड धरून येणाऱ्या किमतीभोवती वरखाली होतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? 2008 मध्ये घबराटीने भाव पार तळाला गेले होते. सरकारने मधला काळ निभावून नेला, एवढंच."

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. पण इतका वेळ गप्प बसलेला आमचा बँकवाला आता बोलला.

"निभावून नेला, कबूल. पण काय भावाने? सप्टेंबर 2008 मध्ये बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेत 5 अब्ज डॉलर घातले. लाभांश 10 टक्के, शिवाय तेवढ्याच रकमेचे शेअर ठरल्या भावाने घ्यायचा हक्क, म्हणजे वॉरंट. पुढच्या तीन आठवड्यांत अमेरिकी सरकारने नऊ बड्या बँकांसाठी 125 अब्ज काढले, त्यात गोल्डमनही. लाभांश पहिली पाच वर्षं 5 टक्के आणि वॉरंट गुंतवणुकीच्या फक्त 15 टक्के. माल तोच, बाजार तोच. एकाने भाव करून घेतला, दुसऱ्याने पाकीट उघडून ठेवलं. अमेरिकी संसदेच्याच देखरेख समितीने फेब्रुवारी 2009 मध्ये हिशेब मांडला, की 254 अब्ज देऊन सरकारच्या हाती आली साधारण 176 अब्जांची मालमत्ता."

"पण पैसे परत आलेच ना!" इंजिनियर म्हणाला. "एआयजी या विमा कंपनीत तर सरकारला 22 अब्जांहून जास्त नफा झाला."

"आणि जनरल मोटर्समध्ये 11 अब्जांच्या आसपास खोट," वकील मध्येच म्हणाला. "शिवाय जनरल मोटर्सच्या जुन्या भागधारकांच्या हाती भोपळा, आणि एआयजीकडे ज्यांची येणी होती त्या बड्या बँकांना मात्र डॉलरमागे पूर्ण डॉलर. हा न्याय कुठला?"

मास्तर खुशीत आले. वस्तूची किंमत श्रमावर ठरते म्हणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने 1817 च्या ग्रंथात अपवाद म्हणून एक वर्ग बाजूला काढला आहे: दुर्मीळ पुतळे, चित्रं, खास दारू. कितीही श्रम केले तरी यांचा पुरवठा वाढत नाही, म्हणून किंमत ठरते घेणाऱ्याच्या ऐपतीवर आणि हौसेवर. "सरकारची हमी त्याच वर्गातली," मास्तर म्हणाले. "तिच्यात श्रम किती? एका सहीचे. पण घबराटीत ती विकणारा दुकानदार एकच."

मला विचाराल तर सगळ्या वादातली कामाची गोष्ट हीच. वाचवावं की बुडू द्यावं यावर तासन्‌तास डोकेफोड होते. पण एकमेव दुकानदार गिऱ्हाइकाच्या अडचणीत निम्म्या भावाने विकत असेल, तर उरलेला निम्मा भाव करदात्याच्या खिशातून जातो, आणि सगळे पैसे परत आले तरी तो हिशेब मिटत नाही.

"सरकारला भाव करता येतच नाही," इंजिनियर कुरकुरला.

"येतो की," बँकवाला म्हणाला. "क्रायस्लर या मोटार कंपनीला 1980 च्या सुमारास कर्जाची हमी दिली, तेव्हा सरकारने वॉरंट घेतले होते. कंपनी सावरली तशी ते सोडून द्या म्हणून मागे लागली. सरकारने 1983 मध्ये सरळ लिलाव पुकारला. शेवटी क्रायस्लरनेच 31 कोटी डॉलर मोजून ते सोडवून घेतले."

"म्हणजे माझंच खरं," इंजिनियर म्हणाला. "वाचवली म्हणूनच मोजायला पैसे होते ना तिच्याकडे!"

मास्तर पुन्हा सरसावून बसले.