सायट्रेटबद्दल अजून यायला हवं होतं

रक्त देण्याच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, रक्तगट शोधणारे लँडस्टायनर आणि त्या गटांचा भाग तर मस्तच, पण रक्त गोठू न देता टिकवायचं कसं यावर जेमतेम दोन ओळी, याचं खरंच वाईट वाटलं. अहो गट जुळला तरी बाहेर काढलेलं रक्त काही मिनिटांत गोठायचं, म्हणून दात्याला पेशंटच्या शेजारीच झोपवून रक्त द्यावं लागायचं. १९१४-१५ मध्ये हस्टिन, अगोते, लुइसोन वगैरे डॉक्टर मंडळींनी सोडियम सायट्रेट हे रक्त गोठू न देणारं रसायन वापरलं आणि चित्रच पालटलं. गोठायला कॅल्शियम लागतं, सायट्रेट नेमकं तेच धरून ठेवतं. मग १९१६ ला राउस आणि टर्नरने त्यात ग्लुकोज घातलं, कारण पिशवी असो की बाटली, आतल्या लाल पेशी जिवंत असतात, त्यांना खायला लागतंच ना, आणि लगेच १९१७ ला डॉक्टर रॉबर्टसनने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये आघाडीवर साठवलेलं रक्त जखमी सैनिकांना दिलं सुद्धा!

आजही ब्लड बँकेतल्या पिशवीवर सीपीडीए (आतल्या रक्त टिकवणाऱ्या द्रावणाचं नाव) छापलेलं दिसतं, त्यातला सी म्हणजे तेच सायट्रेट आणि डी म्हणजे तीच साखर, त्यावर लाल पेशी फ्रिजमध्ये ३५ दिवस राहतात.

प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचं, मात्र वेगळंच. त्या गार केल्या की आकार बदलतात आणि शरीरात गेल्यावर फार लवकर काढून टाकल्या जातात, म्हणून २०-२४ डिग्रीला मशीनवर सतत हलवत ठेवतात आणि तरी साधारण ५ च दिवस. डेंग्यूच्या सीझनला नातेवाइकांची जी पळापळ होते ना त्यामागे हे मोठं कारण आहे. प्लीज यावर दुसरा भाग लिहाच.