फोन चोराकडे आणि उलटतपासणी माझी

मेथीची जुडी निवडत होते. पानं किडकी आहेत का बघायला अर्धा मिनिट वाकले असेन. उठले तर पिशवीत मेथी आहे, कोथिंबीर आहे, फोन नाही. भाजीवाल्या मावशींच्या फोनवरून लावला, तर बंद. इथपर्यंतचा राग चोरावरचा. पुढचा ऐका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "मॅडम, आयएमईआय नंबर?" प्रत्येक हँडसेटचा तो १५ आकडी ओळख क्रमांक कुणाला पाठ असतो हो? *#०६# दाबलं की दिसतो, हे मलाही माहितीये, पण दाबायला फोन लागतो! खोक्यावर असतो. खोकं दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेलं, मीच दिलं. बिलावर असतो. बिल ईमेलमध्ये. लेकाच्या लॅपटॉपवर ईमेल उघडायला गेले तर समोर काय? "तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, 'हो' दाबा." आता ते चोरानं दाबायचं का? शेवटी दुकानदाराने जुन्या बिलांच्या गठ्ठ्यातून प्रत शोधून दिली. अख्ख्या प्रकरणात तेवढा एकच माणूस कामाला आला.

मग म्हणे, "चोरी कशाला, गहाळ लिहा. लवकर होईल." गहाळ! म्हणजे मीच वेंधळी. त्यात तक्रार टाइप करताना त्यांनी १५ पैकी एक आकडा चुकवला. या नंबराचे पहिले ८ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे ६ नेमका तुमचा हँडसेट, आणि शेवटचा आकडा आधीच्या १४ वरून गणित करून काढलेला असतो, चूक पकडायला. पकडली की! चोरीचे फोन ब्लॉक करणाऱ्या सीईआयआर या सरकारी पोर्टलने नंबर घेतलाच नाही. परत ठाण्यात, परत बाकड्यावर, परत तीच कहाणी.

आणि ओटीपी येणार चोरीला गेलेल्याच नंबरवर. म्हणजे आधी डुप्लिकेट सिम काढा. काढलं. तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद! कुणी तुमच्या नावाने सिम काढून बँक खातं धुऊ नये म्हणून हा नियम आहे. मान्य, शहाणा नियम आहे. पण तोच दिवस चोरालाही मोकळा मिळतो ना. त्यावर अर्ज गेल्यानंतर फोन ब्लॉक व्हायला आणखी २४ तासांपर्यंत थांबा. दोन सिमचा फोन असेल तर आयएमईआयही दोन असतात, दोन्ही भरा, हे तरी सुरुवातीला कुणी सांगेल? छे.

सीईआयआरची कल्पना वाईट नाही, उलट चांगलीच आहे. २०१९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या काही ठिकाणांत महाराष्ट्र आणि गोवा होते, २०२३ च्या मे महिन्यात देशभर आली. एकदा नंबर काळ्या यादीत गेला की देशातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्या फोनवर चालत नाही. पण वायफायवर तो चालतोच. सुटे भाग करून विकला तर यादी काय करणार? सीमेपार गेला तर आपली यादी तिथे कोण विचारतो? आयएमईआयच बदलून देणारे महाभागही आहेत. त्यासाठी २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कागदावर वाचायला छान वाटतं. इकडे मला मात्र माझाच फोन माझा आहे हे सिद्ध करायला बिल, ओळखपत्र, तक्रारीची प्रत, ओटीपी. चोराला कुणी विचारलं का, बाबा रे, तुझं बिल दाखव?

परवा मेसेज आला की फोनचा माग लागलाय, पोलीस ठाण्याशी संपर्क साधा. अशी धावत गेले म्हणता! माग लागतो कारण ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणीतरी दुसरं सिम घालतं आणि त्याची खबर थेट पोलिसांना जाते. म्हणजे कुणाचं सिम आहे तेही त्यांना कळलेलं आहे. टेबलामागच्या माणसाने मेसेज वाचला, दाखवायला दिलेला फोन मला परत दिला.

"साहेब बंदोबस्तावर आहेत. सोमवारी या. आणि येताना बिलाची झेरॉक्स आणा."

तीन झेरॉक्स आधीच दिल्यात हो मी.